वाघाच्या पाठीवरचा डाग

अल्बममधला वाघ बदलला होता. मिनलनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. दोन रुपयांची जुनी नोट, मागच्या बाजूला वाघ, सगळं जागच्या जागी. फक्त त्याच्या पाठीवरचा चहाचा डाग नव्हता.

बाबांनी ती नोट आणली त्याच दिवशी त्यांचा कप कलंडला होता. नोटेवर फुंकर मारत ते म्हणाले होते, "घे, याले एक पट्टा जास्तीचा भेटला." हिंगण्याच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या बाबांनी, चंद्रभानांनी, निवृत्तीनंतर जुन्या नोटा जमवायचा छंद धरला. एका नोटेला शंभराच्या वर द्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम. मळकी चालेल, भोकं पडलेली चालेल, पण प्रत्येक जातीची एक तरी हवी. अल्बम अर्धा भरला आणि ते गेले.

तिनं पान उलटलं. पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टर होता, पण तिचा दुमडलेला कोपरा आता सरळ झाला होता.

"आई, याला कोण हात लावतं?"

इंदूबाई मेथी निवडत होत्या. "कोण लावन? रविवारी गोपाळराव येतात, घेऊन बसतात थोडा वेळ. काहून वं?"

"एकटेच?"

"मंग काय पोलिस बसवू? तुह्या बापासंगं जन्मभर डबा खाल्ला त्यायनं."

डबा खाल्ला म्हणून काय झालं, असं मिनलच्या मनात आलं. बाबांच्या तेरवीला सगळे आईची चौकशी करत होते. जरीपटक्याहून आलेल्या या माणसानं मात्र हळूच विचारलं होतं, "अल्बम कुठी हाय?" तो प्रश्न तिच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता. एखाद्या नोटेचा नंबर दुर्मीळ असेल, बाबांना कळला नसेल, यांना कळला असेल. बाबांना जुन्या नोटांच्या नादी लावलं तेही यांनीच.

रविवारी ती आतल्या खोलीत दाराआड उभी राहिली. गोपाळराव आले, हात धुऊन सदऱ्याला पुसले, अल्बम उघडला. मोराची दहाची नोट त्यांनी दोन बोटांनी अलगद बाहेर ओढली आणि पिशवीतली दुसरी कप्प्यात सरकवली.

"काका, ती इकडे द्या."

ते दचकले नाहीत. त्यानं तिचा संशय वाढलाच.

"हे चांगली हाय, मिनल. एकही भोक नाही. त्याचं न् माह्यं ठरलं होतं, पहिले फाटकी घ्याची, मंग चांगली भेटली का बदलाची. असाच जमते गरिबाचा संग्रह."

"आणि फाटक्या? विकल्या?"

"चहा सांडलेला वाघ कोण घेते वं?"

"मग दाखवा."

पहिल्यांदाच गोपाळरावांनी नजर चुकवली. मग त्यांनी पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली. तिच्या घडीत वाघ होता, ट्रॅक्टर होता. मोरही त्यांनी तिथंच ठेवला, पण पत्रिका पुढे केली नाही.

"अल्बममंधी चांगल्या राहू द्या तुमच्या," ते म्हणाले. "ह्या त्याच्या हातच्या हायेत. मले वाटलं, तुमच्या ध्यानात नाही येणार."

म्हणजे चोरी खरीच होती. फक्त जे चोरलं जातंय असं तिला वाटलं होतं, ते हे नव्हतं. मिनलनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी वाघ तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं कोरी नोट कप्प्यातून काढून त्यांना परत दिली आणि डागाची आत सरकवली.

"संग्रह बिघडते अशानं," गोपाळराव पुटपुटले.

"बिघडू द्या."

ट्रॅक्टरच्या दुमडलेल्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा घट्ट दाबलेला होता. तिला तीही नोट हवी होती, मोरही हवा होता. "ह्या दोन तुमच्याकडे राहू द्या," ती म्हणाली.

"दर रविवारी आणून दाखवीन."

"आणाच. मी पाहीन."

इंदूबाईंनी चहा आणला. गोपाळरावांनी आपला कप उचलून अल्बमपासून लांब, टेबलाच्या पार टोकाला ठेवला. मिनलनं तो ठेवेपर्यंत त्यांच्या हातावरची नजर काढली नाही.