चाळीस सेकंद

"काका, तुम्ही सांगा. अभेदने दार उघडायला हवं होतं की नाही?"

मितेशने मोबाईल समोर धरला तेव्हा कुंडलिक पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. माजिवड्याच्या मल्टिप्लेक्समधला रविवार सकाळचा शो नुकताच सुटला होता आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत शंभरेक माणसं घरी जायचं सोडून भांडत उभी होती.

कुंडलिक इथे येणारच नव्हता. त्याची मुलगी दिशा आणि तिचा मित्र मितेश 'दोन तिकिटं' नावाचं चॅनल चालवत. सिनेमा सुटला की बाहेर येणाऱ्यांना गाठायचं, ते काय म्हणतात ते टिपायचं आणि संध्याकाळपर्यंत चॅनलवर टाकायचं. आजचं तिसरं तिकीट त्यांच्या मैत्रिणीचं, शिवानीचं होतं. तिला ताप आला, दिशाची आई माया बहिणीकडे गावी गेलेली, म्हणून दिशा डोंबिवलीहून वडिलांना घेऊन आली होती. लहानपणी तिने अभेदची मालिका वडिलांच्या शेजारी बसूनच पाहिली होती. त्या मालिकेत अभेदचे कपडे निळे होते, त्याच्या अंगात काही शिरत नसे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तो कुणाला तरी कुठून तरी बाहेर काढत असे.

नव्या सिनेमात त्याचे कपडे काजळी रंगाचे होते. मध्यंतरापर्यंत त्याने तिघांना हातांनी मारलं होतं. शेवटी एका रासायनिक कारखान्यात आग लागते, आत चौदा कामगार असतात, आणि आग गावापर्यंत पोचू नये म्हणून अभेद लोखंडी दार ओढून घेतो आणि त्याला पाठ लावून उभा राहतो. आतून पाच मिनिटं ठोकण्याचा आवाज येतो. मालिकेत त्याच्याही पुढे उडणारी त्याची साथीदार तारका इथे जमिनीवर बसून रडते. तो प्रसंग चालू असताना कुंडलिक पडद्याकडे पाहत नव्हता. तो उजवीकडे, बाहेर जायच्या वाटेवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत होता.

बाहेर दोन तट पडले होते. विटलेला निळा टी-शर्ट घातलेल्या एका जाड माणसाने पॉपकॉर्नचा रिकामा डबा पोस्टरवर फेकला होता. कॉलेजच्या चार मुली तारकेवरून संतापल्या होत्या; बाई दाखवायची म्हणजे रडकीच का, असं त्या आळीपाळीने विचारत होत्या. उरलेले टाळ्या पिटत होते. आत्ता कुठे अभेद मोठा झाला, त्याने अवघड निर्णय घेतला, बाकीच्यांनी घरी जाऊन कार्टून बघावं, असं त्यांचं म्हणणं. टी-शर्टवाला त्यांच्यातल्या एकाच्या अंगावर गेला आणि सुरक्षारक्षकाला मध्ये पडावं लागलं. दिशा स्वतःही कॅमेऱ्यासमोर बोलली.

"अभेद दार उघडतो," ती म्हणाली होती. "त्याचं तेवढं एकच काम आहे. जो दार बंद करून उभा राहतो त्याला काहीही म्हणा, हिरो म्हणू नका."

त्यानंतर मितेश कुंडलिककडे वळला होता.

"नाही," कुंडलिक म्हणाला. "उघडायचं नसतं."

"का पण, काका? आत चौदा लोक आहेत यार."

"आत गॅस सोडलेला असतो, आग विझवायला. दार उघडलं की तो बाहेर येतो आणि हवा आत जाते. मग आग वरच्या मजल्यावर. वर पण माणसं असतात." त्याने बाटलीचं झाकण परत लावलं. पाणी प्यायलाच नव्हता. "आणि पिक्चरमध्ये पाच मिनिटं ठोकत होते, ते चुकीचं दाखवलंय. एवढा वेळ कोण ठोकतं? चाळीस सेकंद. आधी जोरात, मग हळू, मग बंद होतं."

मितेश हसला. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "देखा? डायरेक्टरने काकांना विचारायला हवं होतं." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. दिशा तेव्हा त्या मुलींशी बोलत होती. तिने ते ऐकलंही नव्हतं.

सोमवारी दुपारपर्यंत ती बावीस सेकंदांची फीत दोन लाख लोकांनी पाहिली होती. मितेशने तिला शीर्षक दिलं होतं, 'एमआयडीसीवाल्या काकांनी विषय संपवला'. नव्या अभेदच्या बाजूच्यांनी कुंडलिकला उचलून धरलं. शेवटी एक माणूस अकलेचं बोलला, असं त्यांनी लिहिलं. जुन्या अभेदवाल्यांनी त्याला खुनी म्हटलं, दगड म्हटलं, असल्या बापाची मुलगी कशी असेल असंही कुणी लिहिलं. कुंडलिक आता ज्या कंपनीत सांडपाण्याच्या टाक्या बघायचा तिथे जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तो व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला. त्याने आपला डबा झाकला आणि टाक्यांकडे निघून गेला. तिथे मोटारींच्या घरघरीत त्याला काही ऐकू येत नव्हतं. पाचला शिफ्ट सुटेपर्यंत त्याने प्रत्येक टाकीचा नमुना दोनदा घेतला.

घरी दिशा लॅपटॉप घेऊन बसली होती.

"तो माझा तुकडा काढून टाक," तो म्हणाला.

"पप्पा, चॅनल सुरू झाल्यापासून पहिल्यांदा एवढे लोक आलेत. आणि ते लोक शिव्या देतायत त्याचं मनावर नका घेऊ. मी पण तुमच्या विरोधातच आहे," ती हसून म्हणाली.

"काढ म्हणतो ना."

तिने मान वर केली. तो असा कधी बोलत नसे. तिने फीत पुन्हा लावली. स्वतःचाच आवाज खोलीत ऐकून कुंडलिक खिडकीशी जाऊन उभा राहिला. आधी जोरात, मग हळू, मग बंद होतं.

"चाळीस सेकंद तुम्हाला कसं माहीत?"

कुंडलिकने खिडकीची काच सरकवली.

"तुम्ही तर सांगितलेलं, दार जाड होतं. सुदेशकाकाचा काही आवाजच आला नाही म्हणून."

सुदेश कुंडलिकचा सोबती होता, तेरा वर्षांपूर्वीच्या कंपनीतला. दिशा तेव्हा दहा वर्षांची होती. रविवारी सुदेश घरी आला की अभेदची मालिका सुरू व्हायच्या आत तिला खांद्यावर घेऊन साऱ्या चाळीतून धावायचा. सॉल्व्हंटच्या कोठीत आग लागली आणि तो आत राहिला. दिशाला ठाऊक होतं ते एवढंच, आणि चौकशीच्या कागदांतही तेवढंच होतं.

कुंडलिक पलंगाच्या कडेवर बसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना तो दिशाकडे पाहत नव्हता.

कोठीच्या दाराशी एक फळी होती. प्रत्येकाचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आत जाताना बिल्ला उजवीकडच्या खिळ्यावर टांगायचा, बाहेर आलं की डावीकडे. सगळे बिल्ले डावीकडे आले की कोठी रिकामी, आणि मगच सुपरवायझर शिफ्टच्या वहीवर सही करायचा. त्यामुळे शेवटच्या पाच-दहा मिनिटांत सगळेच एकमेकांचे बिल्ले सरकवायचे. आतला माणूस हात धुऊन येईस्तोवर सही झालेली असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या दिवशी सुदेशचं एक पिंप बंद करायचं राहिलं होतं. त्याने आतून हाक मारली, माझा पण टाक रे. कुंडलिकने तो डावीकडे टाकला. दोन मिनिटांनी आतल्या पंपाच्या मोटारीतून ठिणगी पडली.

"धोक्याचा भोंगा बिघडलेला. आठवडाभर दुरुस्तीला होता," कुंडलिक म्हणाला. "मी फळीकडे बघितलं. सगळे डावीकडे. दार ओढलं, कडी घातली, गॅसचा दांडा ओढला. शिकवलेलं तसंच. आणि मग ठोकायला लागला."

दिशाचा हात लॅपटॉपवर तसाच होता.

"वर पॅकिंगला एकतीस बायका होत्या. जिना कोठीच्या बाजूनेच. दार उघडलं असतं तर..." तो थांबला. "मी विचार केला असं मी म्हणतो. विचार करायला वेळ कुठे होता? माझा हात कडीवर होता. तो हलला नाही, एवढंच मला माहीत आहे."

"मम्मीला?"

"कुणालाच नाही."

मग दिशाने लॅपटॉप पुढे ओढला आणि काही न बोलता तो तुकडा शोधू लागली. तेवढ्यात पलंगावरचा कुंडलिकचा फोन थरथरला. त्याने तो उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पडद्यावर नाव होतं, संचिता वहिनी. सुदेशची बायको. पोळ्यांच्या वेळेला ती कधी फोन करत नसे. संध्याकाळी सातला तिचे साठ डबे जायचे.

"काढते मी," दिशा म्हणाली. "आत्ताच काढते."

"राहू दे आता."

"पप्पा."

"आता काढलंस तर मी ते बोललोच नाही असं होईल. राहू दे."

तो उठला आणि चपला घालू लागला. मी येते, असं दिशा म्हणाली. त्याने मानेने नको म्हटलं, तरी ती मागे निघालीच. रस्ताभर ती त्याच्यापासून दहा-बारा पावलं मागे राहिली. एकदाही त्याच्या बरोबरीने आली नाही.

संचिताची तळमजल्यावरची खोली रस्त्याला लागून होती. ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली. कुंडलिक आत जाऊन स्टुलावर बसला.

"करिश्माने दाखवला," ती म्हणाली. करिश्मा शेजारची. "म्हणाली, तुमचे भावजी फेमस झाले. मी म्हटलं बघू."

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

"चौकशीला तुम्ही सांगितलेलंत, आवाज आला नाही."

"हो."

"आलेला?"

"हो."

तव्यावरची पोळी फुगली, मग एका बाजूने काळी झाली. संचिताने ती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली आणि तव्याखालचा गॅस बारीक केला.

"तोच आहे हे तुम्हाला कळलेलं?"

"बिल्ला मीच टाकलेला, वहिनी."

तिने हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि ते कुठे ठेवायचे हे तिला कळत नसावं. कुंडलिक म्हणाला, वर एकतीस बायका होत्या. तिने त्याला तिथेच थांबवलं.

"ते नको. ते तुम्ही तिकडे सांगितलंत. लाखो लोकांनी ऐकलं." तिने हात फडक्याला पुसले. "आतून ते काही बोलले का?"

कुंडलिकने वर पाहिलं. त्याला वाटलं, सुदेशने हाक मारली ती दुसऱ्याच कुणाच्या नावाने, असं इथे सांगता येईल. तिचं नाव सांगता येईल. ती ते कायमचं जपून ठेवेल आणि कुणालाच कधी कळणार नाही.

"मला हाक मारली," तो म्हणाला. "दोनदा. कुंड्या म्हणून."

संचिताने मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"डॉक्टर म्हणालेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. गॅसने झोप लागल्यासारखं होतं म्हणाले." तिचा आवाज अगदी साधा होता. "तेरा वर्षं मी तेवढ्यावर झोपत होते, भावजी."

माफी मागायला तो आला होता, वाटेत त्याने वाक्यंही जुळवली होती. ती आता तोंडात आली तेव्हा सिनेमातल्यासारखी वाटली. त्याने ती गिळली.

"तुम्ही दर दिवाळीला यायचात," ती म्हणाली. "नळ दुरुस्त करून द्यायचात. मला वाटायचं, मैत्रीखातर येतात." तिने गोळा पुन्हा हातात घेतला, पण तो वाळला होता. "आता जा. माझे डबे राहिलेत."

तो उठला. उंबऱ्याशी दिशा उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती त्याच्या अंगाला न लागता आत गेली, बेसिनवर हात धुतले आणि काही न विचारता लाटलेल्या पोळ्या तव्यावर टाकू लागली. संचिता तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने गॅस मोठा केला आणि नवा गोळा घेतला.

बाहेर महिपत रिक्षा घेऊन आला होता. साठीचा महिपत रोज या वेळी डबे न्यायला यायचा. इंजिन चालू ठेवूनच त्याने विचारलं, झाले का डबे.

"आज थोडा उशीर होईल," कुंडलिक म्हणाला.

"का? बरं नाही का बाईला?"

"थांबावं लागेल."

महिपतने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आतून लाटण्याचा आवाज येत होता; मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. कुंडलिक भिंतीला टेकला नाही. तो तसाच उभा राहून ऐकत राहिला.