पळणाऱ्यांचा पोळा

गेनबाकाकांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. माझ्या मते दोष त्यांचा. त्यांच्या मते, "तनुजाताई, तुमी सकाळचा चा घेत न्हाई, म्हनून दिसभर खेकसता."

चाकणच्या अलीकडे आमचं फार्मसी कॉलेज आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला प्रयोगाचे उंदीर ठेवायची इमारत. तिथली झाडलोट, खाणंपाणी, पिंजऱ्यांतला भुसा बदलणं, सगळं काकांकडे. मी दहा आठवडे तिथे चोवीस पांढऱ्या उंदरांच्या मागे होते. चोवीस जणांना आधी इंजेक्शन देऊन मधुमेह करून ठेवलेला. मग सहा-सहाचे चार गट. पहिल्या गटाने नुसतं बसून खायचं. दुसऱ्याने रोज अर्धा तास ट्रेडमिलवर पळायचं. तिसऱ्याला जांभळाच्या बियांची पूड पाण्यातून पाजायची. चौथ्याने पळायचंही आणि पूडही प्यायची. शेवटच्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासून कुणाची साखर किती उतरली ते बघायचं. एवढ्यावर माझा प्रबंध. दिवाळीच्या आत प्रबंध गेला तरच चिंचवडच्या कंपनीतली नोकरी मिळणार, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. हे मी काकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की माझं वाक्य तेच पुरं करायचे.

"दुसऱ्याला जाईल, व्हय, ठावं हाय."

काकांची जमीन कारखान्यांत गेली आणि बैल बाजारात गेले. गोठ्यात आता मुलाची, गणराजची, बुलेट उभी असते. पण माणसाचा गोठा जात नाही. पळणाऱ्या बारा उंदरांना त्यांनी नावं दिली होती. सर्जा, राजा, ढवळ्या, तांबड्या. सगळे पांढरेफटक, तरी एक तांबड्या होता! ट्रेडमिलवर सोडताना ते जिभेने टक् टक् आवाज काढायचे आणि उंदीर खरोखर जोरात पळायचे. पहिल्या गटाला मात्र ते नावाने हाक मारत नसत. त्यांना ते 'पाव्हणं' म्हणत.

"पाव्हण्यांना पानी दिलं," असं ते मला मुद्दाम तोंड वाकडं करून सांगायचे.

एकदा म्हणाले, "ताई, पळनाऱ्याला आन् बसनाऱ्याला सारकाच खुराक? ह्यो कुटला न्याय?"

"काका, हा न्याय नाही, प्रयोग आहे," मी म्हटलं. "तुमच्या मनाने एक दाणा जरी जास्त गेला ना, तर माझे दहा आठवडे पाण्यात."

"न्हाई जायचा दाना," ते म्हणाले. शब्दाला ते जागले. दाणा नाहीच गेला.

सत्तराव्या दिवशी दुपारी मी जेवायला टेबलापाशी आले तर फडक्यात गुंडाळलेली एक पुरणपोळी ठेवलेली. वर तुपाचा गोळा. काकांच्या सुनेने काहीतरी सण म्हणून केली असेल, असं मी गृहीत धरलं. आमचं घर लातूरकडचं. आमच्याकडे पोळा श्रावणाच्या अमावस्येला होतो, म्हणजे महिन्याभरापूर्वीच होऊन गेला होता. चाकणच्या आसपासच्या गावांत तो भाद्रपदाच्या अमावस्येला असतो, हे काळेवाडीत वाढूनही माझ्या गावी नव्हतं. अर्धी पोळी खाल्ली, अर्धी डब्यात टाकली आणि विसरले. आभार मानायचेही राहिले. संध्याकाळी सहाला सगळ्या पिंजऱ्यांतलं खाणं मी माझ्या हाताने काढलं, नुसतं पाणी ठेवलं आणि घरी गेले.

घरी दादा, म्हणजे माझे वडील, जेवणानंतर पेढा खात बसले होते. त्यांना साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली. तपासणीच्या आधी दोनच दिवस ते साधूसारखे वागायचे आणि रिपोर्ट चांगला आला की मिठाईच्या दुकानात जायचे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी गुपचूप तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी केली आणि दादांचं सगळं बिंग फुटलं. तेव्हापासून ते डॉक्टरांवर रुसून आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पिंजऱ्यांपाशी गेले. पळणाऱ्या बाराही उंदरांच्या कपाळावर लाल डाग. उंदीर आजारी पडला किंवा घाबरला की त्याच्या डोळ्यांतून लालसर पाणी येतं आणि ते तो पंजांनी तोंडभर पसरवतो, हे मी शिकले होते. बाराच्या बारा एका रात्रीत आजारी? शेपटीतून थेंब थेंब घेऊन सगळ्यांची साखर तपासली. पाहुण्यांची दोनशे साठच्या आसपास. पळणाऱ्यांची दोनशे पन्नास. म्हणजे दहा आठवडे पळून काहीच फरक नाही. मी स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं.

काका धावत आले. "काय झालं, ताई?"

"आजारी पडलेत सगळे. कपाळ बघा."

"त्ये व्हय?" काकांचा जीव भांड्यात पडला. "त्ये कुंकू हाय. सांजच्याला तुमी गेल्यावर लावलं. काल पोळा न्हवता का?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. "पोळा? उंदरांचा?"

"कामाच्या जनावराचा. घरी सून पुरन घालती, पन दावनीला कोन हाय आता? बुलेटला भरवू का पोळी? म्हटलं, सालभर नसंना का, दहा आठवडं तर राबलीत. उद्या तुमी त्यास्नी झोपवनार कायमचं. एक घास ग्वाडाचा नको?"

"पाहुण्यांनाही दिलीत?"

"त्यास्नी कशाला?" काका खरंच चकित झाले. "बसून खात्यात ती. त्यांचा कसला पोळा?"

मी पिंजऱ्यातला भुसा उपसला. खाली पुरणाचे तुकडे दडवलेले. उंदरांची सवयच ती, आज खा आणि उद्याला लपव. मी वरचं खाणं काढलं होतं आणि हे रात्रभर खाली मेजवानी झोडत होते. काकांनी सगळ्यांना पोळी दिली असती तरी एकवेळ सावरलं असतं. पण नेमकी पळणाऱ्यांनाच!

मी काकांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, मला लाज वाटते. ते खाली मान घालून उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "माझं नाव लिवा कागदावर. तुमचं जाऊ नका देऊ."

लिहिलंच मी. बाहेरचं अन्न आत आणणाऱ्याला कामावरून काढतात, असा तिथला नियम होता. टेबलापाशी बसून रागारागाने पानभर तक्रार लिहिली, खाली सही ठोकली आणि पाकीट शोधायला बॅग उपसली. हाताला कालचा डबा लागला. उघडला तर आत अर्धी पोळी, तूप थिजलेलं.

मी त्या पोळीकडे बघत राहिले. कामाच्या जनावराचा पोळा. पाहुण्यांना नाही, ऑफिसात नाही, प्रबंधाचे माझे मार्गदर्शक सर, त्यांनाही नाही. सर्जा, राजा, ढवळ्या, तांबड्या आणि मी. दहा आठवडे ज्या माणसावर मी खेकसत होते, त्याने मला राबणाऱ्यांत धरलं होतं. इतकं तर माझ्या घरीही कुणी धरलं नव्हतं. तक्रार फाडली, उरलेली पोळी तिथेच बसून खाल्ली, आणि शेवटच्या घासाला मला दादांचा पेढा आठवला.

मी धावतच सरांच्या खोलीत गेले. जे घडलं ते सगळं सांगितलं, कुंकवासकट. मग म्हटलं, "सर, एका रात्रीच्या पोळीने आजची साखर बिघडली. पण मागच्या कित्येक आठवड्यांची साखर दाखवणारी तपासणी आहे ना, ती एका पोळीने नाही बदलणार. आज रक्त घेणारच आहोत. तीच करू या."

सर छताकडे बघू लागले. मला वाटतं, हसू दाबत होते. म्हणाले, "कर. पण आजचे आकडे लपवायचे नाहीत. पुरणपोळीही लिहायची. आणि गेनबांचं मी बघतो."

दुपारी उंदरांना भूल द्यायची वेळ आली. काकांनी एकेकाला स्वतःच्या हाताने आणून दिलं, कारण त्यांच्या हातात ते शांत असत. तांबड्याला देताना त्यांनी त्याच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्याने हलकेच पुसलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. पाहुण्यांचा आकडा साडेआठच्या घरात, नुसतं पळणाऱ्यांचा साडेसहा, पूड पिऊन पळणाऱ्यांचा सहाच्याही खाली. मी कागद घेऊन काकांकडे पळाले. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचायचं नव्हतं.

"मंजी राबल्याचं चीज झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, काका."

"मंग जाईना का दुसऱ्याला तुमची जागा. न्हाई, मंजी, आता न्हाई जायची!"

प्रबंध दिवाळीच्या आठ दिवस आधी गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. गंभीर माणूस. पानं उलटत उलटत एका ओळीवर थांबले आणि मोठ्याने वाचू लागले, "सत्तराव्या दिवशी, स्थानिक पोळ्यानिमित्त, धावणाऱ्या गटांतील प्राण्यांना पुरणपोळी देण्यात आली." त्यांनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"घडलं ते लिहिलंय, सर."

"एकूण किती जणांना दिली? इथे आकडा नाही."

आकडा लिहायचा राहिलाच होता. सरांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. दाराच्या फटीतून काकांची टोपी दिसत होती. उत्तर सोपं होतं, दोन गट, सहा-सहा.

"तेरा," मी म्हटलं.