शेगडीपासून खिडकीपर्यंत

अभ्यास बसून करायचाच नाही, हा माझा कायदा. बसला तो झोपला. फार्मसीची पाचही वर्षं मी आईच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत, मोठ्याने घोकत काढली आणि एकदाही नापास झाले नाही. त्यामुळे धाकटी बहीण रुझित्सा मेडिकलला शरीररचनेत पाचव्यांदा आपटली, तेव्हा मी रजा टाकून निश शहरात घरी आले आणि तिला चालायला लावलं.

"ताई, पाय मोडले गं माझे."

"मोडू देत. डोकं शाबूत आहे ना? चल, चेहऱ्याची नस."

शेगडीपाशी नस मेंदूतून निघायची, फ्रीजजवळ कानाच्या हाडात शिरायची, खिडकीशी पोचली की तिला पाच फांद्या फुटायच्या. सहा आठवड्यांत रुझित्साचं चुकणंच संपलं. स्वतःवर काय खूश होते मी!

सहावी परीक्षा तोंडी, तीन प्राध्यापकांपुढे. त्यात आपटली की कॉलेजातून नाव कायमचं कटलं. निघताना आईने तिच्या पाठीमागे भांडंभर पाणी ओतलं, सगळं पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. मी सोबत गेले. मागच्या बाकांवर बसून परीक्षा कुणालाही ऐकता येते. पण मागून एक शब्द आला, तर परीक्षा रद्द.

तिने टेबलावरची एक पालथी चिठ्ठी उचलली, वाचली आणि वळून माझ्याकडे बघत हसली. नुसते ओठ हलवले: चेहऱ्याची नस. मला तर नाचावंसं वाटलं.

"सर, उभ्याने सांगू का?"

"बसा हो," ग्रोचानिन सर म्हणाले. "उत्तर द्यायचंय, भाषण नाही."

बाकीचे दोघे हसले. ती बसली.

"ती नस... ती..."

टेबलाखाली तिचे बूट नुसते पुढेमागे होत होते.

"निघते कुठून, तेवढं तरी सांगा," सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं.

सहा आठवड्यांत मी तिला एकदाही खुर्चीवर बसवून विचारलं नव्हतं. एकदाही नाही! हे मला सुचलं कधी, तर तिथे, तोंड उघडायची सोय नसताना. उठू द्या हो तिला, चार पावलं टाकू द्या, असं ओरडावंसं वाटत होतं. मी ओठ दाताखाली धरून बसले.

"पाच," सर शेवटी म्हणाले. आमच्याकडे पाच म्हणजे नापास. तिघांनी सह्या केल्या.

बाहेरचा कॉरिडॉर रिकामा होता. ती माझ्याकडे न बघता चालायला लागली आणि चौथ्या पावलाला बोलायलाही.

"मेंदूच्या देठातून निघते, कानाच्या हाडात शिरते..."

"रुझा, पुरे गं."

ती थांबेना. टोकाच्या खिडकीपर्यंत पाचही फांद्या तिने ओळीने सांगितल्या. ग्रोचानिन सर दाराला कुलूप लावत होते. किल्ली तशीच हातात धरून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"अगदी बरोबर," ते हळूच म्हणाले आणि जिना उतरून गेले.