दहापैकी किती

पाणबुड्यांचे रेग्युलेटर तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण कुठल्याही यंत्राला नापास करताना त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. रेग्युलेटर म्हणजे बुडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. माणसाने श्वास ओढला की आतला पडदा खेचला जातो, झडप उघडते आणि हवा येते. मागितल्याशिवाय ते हवा देत नाही, आणि मागायला किती जोर लागतो हेच मास्तर आयुष्यभर मोजत आले होते.

मोजायला कुंभकर्ण होता. पाण्याच्या टाकीत सोडलेल्या रेग्युलेटरमधून घोरत श्वास घेणारा हा पंप आकडे चोख द्यायचा, पण मास्तरांचा त्याच्यावर पुरता भरवसा कधी बसला नाही. पाणबुड्यांवर तर त्याहून नाही. ते पडले धट्टेकट्टे गडी, विटेतूनही श्वास ओढतील आणि वर ‘मस्त आहे’ म्हणतील. म्हणून लग्न झाल्यापासून प्रत्येक नवा रेग्युलेटर छोट्या सिलिंडरसकट घरी यायचा. बायको पलंगावर मांडी ठोकून बसायची, तो तोंडात धरून डोळे मिटायची आणि दहापैकी गुण द्यायची. छाती एवढीशी, पण जीभ तिखट. एका रेग्युलेटरबद्दल ती म्हणाली होती की हवा देतो खरा, पण उपकार केल्यासारखी देतो. साडेआठच्या वर तिने आजवर कोणाला चढू दिलं नव्हतं.

आता तिची फुफ्फुसं कडक होत चालली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, उशाशी घरघरणारं मशीन, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायचं तर वाटेत खुर्ची लागायची. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगायचं ते सांगून टाकलं होतं. मास्तरांनी मान डोलावली होती आणि त्यातलं काहीही मनावर घेतलं नव्हतं.

त्याच दिवसांत हा नवा रेग्युलेटर तपासणीला आला. कुंभकर्णाने त्यातून श्वास घेतला आणि मास्तर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा आकडा बघत राहिले. इतकी हलकी झडप त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. तो बनवणारी डिझायनरबाई हसत म्हणाली, झोपलेलं बाळसुद्धा ही झडप उघडेल.

झालं, तिथेच मास्तरांचं शहाणपण संपलं. ज्याने जन्मभर झडपाच पाहिल्या, त्याला प्रत्येक अडलेल्या श्वासाच्या मागे झडपच दिसणार. तिला श्वास जड जातो, हे यंत्र हलकं आहे, म्हणजे एक तरी श्वास तिला सुखाने मिळेल, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यातली चूक कोणालाही दिसली असती. मास्तरांना ती बघायची नव्हती.

सिलिंडर बघून बायकोचा चेहरा खुलला. किती महिने झाले, माझी नोकरी गेली की काय, असं तिने धापा टाकत विचारलं. मास्तरांनी तिच्या पाठीशी उशा लावल्या, रेग्युलेटरची रबरी पट्टी पुसून तिच्या दातांत दिली आणि ते समोर बसले.

तिने श्वास ओढला. झडप हलली नाही. मास्तरांनी झडप आणखी हलकी करणारी बाजूची खुंटी शेवटपर्यंत सैल केली. तिने पुन्हा ओढला, गळ्याच्या हाडांमागे खड्डे पडले, कपाळावर घाम आला, आणि यंत्र गप्पच राहिलं. यंत्रात काहीही खोट नव्हती. हवा मागायला लागतो तेवढाही श्वास तिच्याकडे उरला नव्हता. डॉक्टरांचं बोलणं मास्तरांना आत्ता ऐकू आलं.

रेग्युलेटरच्या तोंडावर एक बटण असतं. ते दाबलं की हवा न मागता येते. आधार द्यायला म्हणून मास्तरांनी हात पुढे केला आणि अंगठ्याने ते बटण अलगद दाबलं. तिची छाती किंचित वर आली. ती वर यायला लागली की दाबायचं, खाली जाताना सोडायचं. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

बऱ्याच वेळाने तिने रेग्युलेटर तोंडातून काढला.

“दहापैकी किती?” मास्तरांनी विचारलं.

“बटण तुम्ही दाबत होतात.”

“नाही गं.” तपासणीच्या बाबतीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

“इतकी वर्षं तोंडात धरतेय. मला नका शिकवू.” ती दम घ्यायला थांबली. “यंत्राला शून्य.”

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना. तिने त्यांचा हात ओढून अंगठा पुन्हा बटणावर नेऊन ठेवला.

“याला दहा,” ती म्हणाली आणि रबरी पट्टी परत दातांत धरली.

सिलिंडरचा काटा उतरत होता. मास्तर दाबत होते, सोडत होते. मध्येच तिने पट्टी काढली आणि म्हणाली, “पुरे आता. हात दुखेल तुमचा.”

मास्तरांनी हात बदलला.