दोघांचीही तोंडं उघडी

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. दुकानाच्या पाटीसाठी कापलेला. माझ्या पाठीवर अजून एका शिंप्याचं अर्धवट नाव आहे. त्याचं दुकान उघडण्याआधीच बारगळलं आणि मी पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या गळ्यात पडलो. पोटावर मात्र माझ्या एक पूर्ण चित्र आहे. टेबलाच्या अल्याड बाई, पल्याड पुरुष, मध्ये दोन कप. दोघं बोलताहेत.

चित्राचं कारण पेंटरची बायको. ती घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायची. दवाखान्यातल्या नर्स यायच्या, दुकानातले विक्रेते यायचे, मुलाखतीच्या नावानं घाम फुटणारे पदवीधर यायचे. सगळे तिला बाई म्हणत. चारचौघांत पेंटरही चेष्टेनं बाईच म्हणायचे. आपणही तसंच म्हणू.

मी वाळलो तेव्हा बाईंनी चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"अहो, दोघांचीही तोंडं उघडी का? एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो ना?"

पेंटर ब्रश पुसत म्हणाले, "मी घरात बघतो तेच काढलं."

बाई हसल्या आणि स्वतः खिळा ठोकून मला फळ्याशेजारी टांगलं. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

नोकरी अशी. नवी बॅच आली की बाई माझ्यावर पट्टी टेकवून विचारायच्या, हे दोघं काय करताहेत? सगळे एका सुरात सांगायचे, 'टॉकिंग'. बाईंना ते उत्तर मुळीच खपत नसे. बोलतो तर पोपटही, म्हणायच्या, नीट बघा आणि नेमका शब्द द्या. मग एकेक जण नेमका होऊ लागायचा. नुकतंच लग्न ठरलेल्याला ते दोघं 'चॅटिंग' करताना दिसत. बँकेतले गृहस्थ 'डिस्कसिंग'वर ठाम. नर्सना पक्की खात्री, की तिसऱ्या कुणाबद्दल 'गॉसिपिंग' चाललंय. घरून भांडून आलेल्याला मात्र पहिल्या नजरेतच 'आर्ग्युइंग' सापडायचं. मी तोच, माझ्यावरची जोडी तीच, उत्तर ज्याच्या त्याच्या घरून यायचं. भिंतीवर टांगलेल्याला दुसरा उद्योग काय? मी प्रत्येकाचं खातं मनात मांडून ठेवायचो.

एका मुलीला सगळे वकील म्हणत, कारण ती कशावरही हरकत घ्यायची. ती एकदा उठून म्हणाली, "बाई, दोघांचीही तोंडं उघडी आहेत. मग ऐकतंय कोण?"

वर्ग खदखदून हसला. चित्र आहे ते, कोर्ट नाही, असं म्हणून बाईंनी तिला खाली बसवलं. दाराजवळच्या खुर्चीत ब्रश धूत बसलेले पेंटर सगळ्यात जास्त हसले.

ती खुर्ची त्यांची ठरलेली. इतकी वर्षं तिथे बसून त्यांच्या कानावरून बरंच इंग्रजी गेलं होतं. नवं काही कानावर पडलं की ते बायकोवर चालवून बघायचे आणि बाई तिथल्या तिथे चूक काढायच्या. दोघांनाही त्याची गंमत वाटायची. पण मित्रांनो, मी खरा जमाखर्च सांगतो. गावभराला बोलायला शिकवणाऱ्या त्या घरात नवराबायकोच्या खात्यावर फारसं काही जमा होत नव्हतं. नळ गळतोय, भाजी संपली, आणि सगळ्यात जास्त वेळा, 'बॅच संपू दे'.

एका दुपारी बाई बाजारात गेल्या असताना पेंटरनी मला खाली उतरवलं. माझ्यावरच्या टेबलाची कड उडाली होती. ती लाल रेघ त्यांच्या हाताला इतकी सवयीची, की डोळे मिटूनही सरळ आली असती. ती वाकडी आली. त्यांनी पुसली, परत ओढली, ती त्याहून वाकडी. मग ब्रश बोटांतून सुटून माझ्यावरच पडला. पेंटर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. बोटं उघडली, मिटली. शेवटी रेघ तशीच सोडून त्यांनी मला डाव्या हातानं जागेवर टांगलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी वर्गात 'हॅव अ वर्ड' शिकवलं. खाजगी, महत्त्वाचं काही सांगायचं असलं की असं म्हणावं. गप्पांसाठी हे वापरायचं नाही. पेंटर खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. एक बॅच गेली, दुसरी यायची होती. बाई फळा पुसत होत्या. पेंटर दारात उभे राहिले आणि जपून, पाठ म्हणावं तसं म्हणाले,

"आय वाँट टू हॅव अ वर्ड विथ यू."

बाईंनी वळूनही बघितलं नाही. "चुकलं. ते साहेब कारकुनाला म्हणतो. नवराबायकोत कुणी असं म्हणत नाही. 'लेट्स हॅव अ चॅट' म्हणा."

पेंटर म्हणाले, "बरं. चॅट."

"बॅच संपू दे, मग बसू."

आणि बॅच संपल्यावर दोघं खरंच बसले. माझ्यासमोरच्या टेबलाशी, मध्ये दोन कप. वह्या तपासता तपासता बाई बोलत होत्या. नळ गळत होता, त्यावर बोलणं झालं. शेजाऱ्यांच्या नव्या दरवाजावर झालं. पेंटर डाव्या हातानं कप उचलत होते आणि उजवा हात त्यांनी टेबलाखाली मांडीवर ठेवला होता. बाईंना तो दिसणार नव्हता. मला दिसत होता. पण पत्र्याला तोंड असतं ते रंगवलेलं.

दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात मोठा आवाज झाला.

पेंटर दवाखान्यातून परत आले ते उजवा हात, उजवा पाय आणि सगळी वाचा तिथेच ठेवून. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधीच्या दिवसांत काही जाणवलं होतं का, हात लुळा पडला होता का, वेळीच कळलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. बाई बहिणीला फोनवर सांगत होत्या, "मी म्हटलं, नाही हो. मला काहीच बोलले नाहीत."

वर्ग बंद पडला. माझ्यावर धूळ चढली. कौतुक करणारे सगळे आपापल्या मुलाखती देऊन नोकरीला लागले होते.

मग पेंटरना पुन्हा बोलायला शिकवायला दवाखान्यातली एक मुलगी घरी येऊ लागली. एकदा तिची नजर माझ्यावर गेली. तिनं मला उतरवलं, पुसलं आणि टेबलावर उभं धरलं. "काका, हे दोघं काय करताहेत?"

पेंटरनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी डावं बोट पुढे केलं, ते माझ्या टेबलाच्या लाल कडेवर आणलं आणि त्या वाकड्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला आणि बाईंसमोर ठेवला.

बाई रेघेकडे बघत होत्या. नवऱ्यानं ओढलेली वाकडी रेघ त्यांनी जन्मात बघितली नव्हती. हळूच विचारलं, "त्या दिवशी?"

पेंटरनी होकारार्थी मान हलवली.

मुलीला काही कळेना. बाई तिला म्हणाल्या, "यांना मला सांगायचं होतं. शब्दही बरोबर आणला होता. मी तो बदलून दिला."

त्यानंतर त्यांनी खुर्ची ओढली, नवऱ्यासमोर बसल्या, तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "बोला." संध्याकाळ झाली तरी उठल्या नाहीत. पेंटर मधूनमधून तोंड उघडत होते.

काही दिवसांनी बाईंनीच लाल रंगाची डबी उघडली आणि पेंटरच्या डाव्या हातात ब्रश दिला. "या बाईचं तोंड मिटवा. फार बोलली ती."

पेंटरनी चित्रातल्या बाईचे ओठ मिटवले. रेघ हनुवटीपर्यंत ओघळली. ती पुसायला त्यांनी फडकं मागितलं, तर बाईंनी ते पाठीमागे लपवलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. मी पत्रा आहे, सावकाश गंजेन. पण दारात उभं राहून कुणी चुकतमाकत काही बोलू लागलं, तर त्याचा शब्द सुधारण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या. माझ्यावरची बाई आता ओठ मिटून बसली आहे, सगळं ऐकायला तयार. समोरचा पुरुष अजून तोंड उघडून बसला आहे.