तुराट्यांची भिंत

मुलांनो, जरा असं समजा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. घरात तुम्ही आणि आई, दोघंच. तेवढ्यात मागची भिंत धाडकन आत कोसळते आणि तिच्यामागून ओढ्याचं पाणी येतं. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. रत्नम्माच्या, म्हणजे रत्नाच्या, घरात चार दिवसांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हापासून घागर कलंडली तरी ती दचकायची.

मुखेडकडच्या त्या वाडीला पुराची सवय नव्हती, दुष्काळाची होती. बहात्तरच्या दुष्काळात रत्नाच्या आईने, उमाबाईने, रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. सरकारची मदत म्हणजे आधी घाम गाळायचा, मग हातात काही पडायचं, एवढंच वाडीला ठाऊक. म्हणून पाणी ओसरताच उमाबाई कामाला लागली. रत्नाचे वडील धोंडप्पा लातूरला डाळमिलमध्ये हमाल होते; लातूर नवा जिल्हा झाल्यापासून तिकडे कामाला तोटा नव्हता. त्यांची वाट न बघता तिने भगदाडात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, उभ्या केल्या, वर शेण-माती लिंपली आणि पांढऱ्या मातीचा हात फिरवला. श्रावणी सोमवारी जंगमस्वामी, त्यांचे लिंगायत गुरू, घरी पूजेला यायचे होते. पडक्या घरात त्यांना पाट कसा मांडायचा?

भिंत झकास दिसायला लागली. रत्ना मात्र त्या खोलीत पाऊल टाकेना. पांढऱ्या रंगामागे नुसत्या तुराट्या आहेत आणि तुराट्यांमागे ओढा, हे तिला माहीत होतं.

रविवारी दुपारी तलाठी अनंतराव पंचनाम्याला आले. कुणाचं काय पडलं, ते बघून कागदावर लिहायचं, हे त्यांचं काम. त्या कागदावर नाव नसेल, तर घर बांधायला मदत नाही. त्यांच्या मागोमाग शेजारची साखराबाई आत शिरली.

"अगं बया! उमाबाई, पोरीचं लगीन काढलंस का काय? घर लई सजवलंस की!"

अनंतरावांनी दारातूनच नजर फिरवली. "छान. इथे पडझड नाही."

"पडली व्हती की साहेब," उमाबाई म्हणाली. "ही मागची भिंत. म्या उभी केली."

"सकाळपासून जो तो मला पडलेल्या भिंतीच सांगतोय, बाई. मी दिसेल तेच लिहिणार. लिंपायच्या आधी थांबायचं होतं."

"थांबायचं? काम न करता सरकार देतं व्हय?"

साखराबाई फिसकन हसली. उमाबाई हसली नाही. आपण काय करून बसलो, ते तिला आत्ता उमगलं होतं.

"मागून बघा साहेब, समदं दिसंल."

"मागे कमरेएवढा गाळ आहे. आणि आभाळ बघा. मला अजून दोन गावं करायची आहेत."

"मग काय करू? उद्या स्वामी यायलेत, आज भिंत पाडू? आन् पुन्हा पानी आलं तर? पोर हाय माझी घरात."

अनंतरावांनी उंबऱ्यावर पाय टेकवून कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. बाहेर ढग गडगडला. रत्ना कोपऱ्यातून त्या कागदाकडे बघत होती. त्यावर नाव आलं नाही, तर पावसाळाभर याच भिंतीच्या आडोशाला निजायचं.

दिसेल तेच लिहिणार, असं साहेब म्हणाले होते. ती तलाठ्यांना वळसा घालून त्या खोलीत शिरली. ओल्या मातीचा वास आला, त्या दिवशीसारखाच. पाय मागे फिरायला बघत होते. तिने दात आवळले आणि दोन्ही हात भिंतीत खुपसले.

लिंपण ओलंच होतं. हात कोपरापर्यंत आत गेले आणि पलीकडून ओढ्याचा गार वारा तळव्यांना लागला.

"रत्ने! पूजेचं घर हाय ते!" आई ओरडली.

पांढऱ्या मातीचा पोपडा धप्पकन खाली पडला. फटीतून उजेड आला. खाली, हातभर अंतरावर, गाळावरून गढूळ पाणी धावत होतं. अनंतराव पेन हातात धरून खोलीच्या दाराशी आले. साखराबाईने तोंडावर पदर धरला.

रत्नाने एक तुराटी मुठीत धरली, उपटली आणि मागे फेकली. मग दुसरी धरली.