बिननावाचा वाणी

सगळी संस्था आमच्या खात्याला 'बिनकण्याचे' म्हणते. म्हणोत बापडे. पाठीचा कणा असलेले प्राणी वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटांत, छान दिव्यांखाली असतात. बाकी सगळं खाली आमच्या गळ्यात: गोगलगायी, खेकडे, कोळी, जळवा, गांडुळं, स्पंज, आणि ज्यांना अजून नावच नाही ते तर विचारूच नका. मूठभर पाल्यापाचोळ्यातून इतके जीव निघतात की निवडता निवडता मान मोडते. ते संपायच्या आत नवी पिशवी येऊन पडते. मी आता थकलेय, खोटं कशाला बोलू?

सर आमच्या खात्याचे जुने प्रमुख; निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज येतात. घरी करमत नाही म्हणतात. खरं कारण त्यांचा वाणी. हात लावला की वेटोळं करून पडतो ना, तोच किडा; पण हा एकाच टेकडीवरचा, पिवळ्या कडांचा. सरांना तो तरुणपणी सापडला, आणि नशीब असं की सगळ्या माद्याच. वाण्याची जात ठरते ती नराच्या सातव्या वळ्यावरच्या, मीलनाच्या अवयवावरून. मादीवरून नाव द्यायला कुणी धजत नाही. त्यामुळे सरांचा वाणी बिननावाचाच राहिला, आणि टेकडी खडीसाठी फोडून फोडून संपली.

तिथून आलेल्या शेवटच्या पिशवीत मला एक पोरगेला नर सापडला. जिवंत. सातव्या वळ्यावर पायांच्या जागी नुसते दोन फुगवटे होते. आणखी एक कात टाकली की अवयव पुरा होणार होता. मी त्याला मातीच्या डब्यात सोडलं आणि सरांना बजावलं, "डब्याला हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सर म्हणाले.

मग आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हणून मी रजेवर गेले. परत आले तेव्हा सर दारातच उभे होते, हातात बाटली.

"वाचवला गं! दिसेना म्हणून माती उकरली, तर तळाशी पांढराफटक पडलेला. मऊ, हलेना. म्हटलं, कुजला तर हातचा जाईल. लगेच स्पिरिटमध्ये टाकला."

मेलेलं ताबडतोब स्पिरिटमध्ये, हे मलाही त्यांनीच शिकवलेलं. उभा जन्म त्यांनी बाटलीतले वाणी पाहिले होते. कात टाकताना वाणी मातीत गाडून घेतो आणि मेल्यासारखा पडून राहतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि त्यांना ते ठाऊकच असणार, असं मी धरून चालले होते.

मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फुगवटे नुकतेच उकलू लागले होते. आत लिबलिबीत, अर्धवट काहीतरी; त्यावरून जात ठरणं शक्यच नव्हतं.

"नर आहे ना?"

"आहे."

"मग काढ अवयवाची आकृती." सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "नाव मी कधीच ठरवून ठेवलंय."

मला इतका राग आला की बाटली आपटावीशी वाटली. आणि त्यांचा चेहरा पाहून रडूही आलं. मान हलवून वेळ मारून नेली असती, पण आकृती खोटी कशी काढणार?

"सर, तो मेला नव्हता. कात टाकत होता."

त्यांनी सूक्ष्मदर्शक स्वतःकडे ओढून आत पाहिलं.

"म्हणजे मीच."

"हो, सर."

"जेवढं दिसतंय तेवढं काढ," ते म्हणाले. "अर्धवट तर अर्धवट."

मी काढली. ती होईपर्यंत ते बसून राहिले, मग छत्री घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. शेवटी त्यांच्या सुनेचा फोन आला.

"बाबा तिकडे यायचं नावच काढत नाहीत. काही झालं का हो?"

"त्यांचं काम संपलं," मी म्हटलं.